मुनुओबाईंची खुर्ची

बर्फाच्या टोपीच्या मोठ्या डोंगराखालच्या मोशी शहरात, माजेंगो बाजारामागे एक गल्ली आहे, तिथे शामे हमादचं खुर्च्या शिवायचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची पडवी. पुढ्यात लोकांचे कोच आणि खुर्च्या पाय वर करून उताण्या पडलेल्या असायच्या, आणि शामे त्यांच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलेला असायचा. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरायची त्याला सवय. त्यामुळे बोलणं कमी, आणि जे काही बोलायचा ते ओठांच्या एका कोपऱ्यातून.

तो मूळचा पेंबा बेटावरचा, वेते गावचा. आई खाडीत नारळाची सोडणं कुजत घालून काथ्या कुटायची, बाप हंगामात लवंगा तोडायचा. तरुणपणी तो गलबतातून तांगा बंदरात आला, तिथे कोच शिवायला शिकला, तिथल्याच झैनाशी लग्न केलं आणि दोघं डोंगराच्या पायथ्याशी, मोशीत येऊन राहिली. केस पिकायला लागले तरी गावाने त्याला ठेवलेलं नाव एकच होतं. पेंबावाला.

आमच्याकडे माणसाचं गाव कळलं की माणूस कळला असं समजतात. इथल्या डोंगरावरचा चग्गा म्हटला की पैशाला चिकट. शेजारच्या टेकड्यांवरचा पारे म्हटला की कोंबडीच्या भांडणासाठी गाय विकून कोर्टात जाणारा. तांग्याची बाई म्हणजे नवऱ्याला खुंटीला बांधून ठेवणारी. आणि पेंबावाला म्हणजे जिनांचा धनी. पेंब्यात घरटी एक जिन पाळतात, त्याला जेवू घालतात, आणि वाकडं बोललेल्या माणसाच्या घरी पाठवून देतात, हे माजेंगोत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

शामेने हे कधी खोडून काढलं नाही. आधी आधी तो हसायचा. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्या पडवीला दार नाही, तरी एक खिळा इकडचा तिकडे होत नाही. कटकटं गिऱ्हाईकसुद्धा आपल्या डोळ्याला डोळा भिडला की आवाज खाली आणतं. एकदा एक ट्रकवाला हुज्जत घालायला लागला, तेव्हा शामेने त्याला फक्त त्याच्या आईचं नाव विचारलं, करणीला लागतं म्हणतात ते. ट्रकवाल्याने मुकाट्याने कोच उचलला आणि चालता झाला. झैनाला हे आवडलं नव्हतं. ती म्हणाली, "नसलेला कुत्रा भुंकवताय तुम्ही. एक दिवस लोक तो कुत्रा बघायला येतील."

शामेही काही कमी नव्हता. कॉफीच्या बाकावर बसला की तोही म्हणायचा, चग्गा मेला की नाही हे बघायचं असेल तर उशाशी नाणं वाजवा, उठला नाही तर खरंच गेला. सगळे हसायचे, आणि चग्गे सर्वांत मोठ्याने. असं ते चाललेलं होतं.

मुनुओबाई आल्या त्या वर्षी डोंगरावरून थंडी लवकर उतरली होती. दुपार झाली तरी गल्लीत धुकं बसून राहायचं. आइकाएली मुनुओ या बाईंना मोशीतला प्रत्येक फुंडी, म्हणजे कारागीर, ओळखून होता. रंगाऱ्याकडून त्यांनी एकच भिंत तीनतीनदा रंगवून घेतली होती, आणि शेवटी पहिलाच रंग बरा होता म्हणाल्या होत्या. शिंप्याने त्यांचं नाव निघालं की कात्री खाली ठेवावी, अशी त्यांची ख्याती. नवरा एलियुफू मुनुओ, त्यांच्यासारखाच चग्गा, कॉफीचा मोठा दलाल होता. तो पावसाळ्याआधी वारला. खुर्चीत बसल्याबसल्या गेला.

तीच खुर्ची त्यांनी गाडीत घालून आणली होती. जुन्या म्वुले लाकडाची, रुंद हातांची, भारदस्त. रेक्झीन फाटलं होतं आणि आतला काथ्या डोकावत होता.

त्या खाली उतरल्या नाहीत. गाडीच्या खिडकीतूनच म्हणाल्या, "फुंडी, तुझं काम चांगलं आहे म्हणतात. पण तू पेंब्याचा. म्हणून आधीच सांगते. खुर्ची शिवायची. बाकी काही करायचं नाही."

"बाकी काय करणार बाई?"

"ते तुला ठाऊक."

वर हिरवं मखमली कापड घालायचं, पण आतलं भरण तेच ठेवायचं, बैठकीची उंची तीच राहिली पाहिजे, असं सगळं त्यांनी दोनदोनदा बजावलं आणि काच वर केली.

शामेने खुर्ची उलटी केली आणि त्याला पहिल्यांदा खटकलं ते खालचं गोणपाट. ते खुर्चीच्या चुकांनी नव्हे, छपराच्या पत्र्याला मारतात तसल्या जाड खिळ्यांनी ठोकलेलं होतं. निम्मे खिळे वाकलेले. कुणी अडाण्याने घाईघाईत ठोकावेत तसे. त्याने ते उपटले, नवारीचे पट्टे सोडले, आणि नेहमीप्रमाणे काथ्यात हात घातला.

खुर्च्यांच्या पोटात काय काय सापडतं. कंगवे, जपमाळा, लहान मुलांचे दात. शामेला त्याचं काही वाटत नसे. पण त्या दिवशी बोटांना लागली ती एक पुरचुंडी, आणि ती हातात येताच त्याला वाटलं, हे हरवलेलं नाही, हे ठेवलेलं आहे. बैठकीच्या बरोबर मध्ये, स्प्रिंगांच्या जाळीला सुतळीने बांधलेली. निळ्या चौकड्यांच्या रुमालाचा तुकडा. आत एक लांब वाळलेलं पान, तंबाखूसारखं काळं पडलेलं, आणि त्या पानाला मधोमध मारलेली एक गाठ.

गाठी मारून त्यांवर फुंकणाऱ्यांपासून मला वाचव, ही दुआ शामे लहानपणापासून म्हणत आलेला होता. त्याच्या मनाने झटक्यात हिशेब केला. चग्ग्यांनीच कुणीतरी त्या म्हाताऱ्यावर करणी केली. जमिनीसाठी, नाहीतर पैशासाठी, दुसरं काय असणार. म्हातारा तिच्यावर बसत राहिला आणि तिच्यावरच मेला.

आणि लगेच दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा वाईट होता. ही पुरचुंडी बाईंना दाखवली तर त्या काय म्हणतील? पेंबावाल्याच्या दुकानात खुर्ची गेली आणि खुर्चीत गाठ मारलेलं पान निघालं. कोण म्हणेल की ते आधीपासून होतं?

त्याने झैनाला बोलावून दाखवलं. तिने हात लावला नाही. ती म्हणाली, जाळून टाका. तो म्हणाला, दुसऱ्याची गाठ जाळली तर ती आपल्याकडे येते. मग नेऊन द्या, ती म्हणाली. त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

शेवटी त्याने पुरचुंडी होती तिथेच, होती तशीच सुतळीने बांधली. जे माझं नाही त्याला मी हलवणारही नाही, असं मनाशी म्हणाला. वर काथ्या पसरला, मखमल ताणली, खाली नवं गोणपाट नीट चुकांनी ठोकलं. काम सुंदर झालं होतं. पण खुर्ची गाडीत चढवताना ती आणली तेव्हापेक्षा जड लागली, असं तो पुढे सांगायचा.

पहिली तक्रार लवकरच आली. कडेचा गोट वाकडा आहे. शामेने जाऊन तो उसवला आणि परत शिवला. मग निरोप आला की मखमलीचा रंग दिव्याखाली वेगळा दिसतो. मग खुर्चीच परत आली. बैठक बोटभर उंच झाली, असं बाईंचं म्हणणं.

"बोटभराने काय बिघडतं बाई? काथ्या बसला की खाली जाईल," शामे म्हणाला.

"तोपर्यंत त्यांचे पाय लोंबकळतील."

शामेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने विचारलं, "कुणाचे?"

बाईंनी हातातली पर्स उघडली, आत काही नसल्यासारखी पाहिली, आणि मिटली. शामेने बैठक कमी केली. त्या वेळी त्याने पुरचुंडीकडे पाहिलंही नाही, नुसतं बोटांनी चाचपलं. जागेवर होती.

चौथ्यांदा निरोप आला तो असा की, घरी ये, आणि आत्ता ये.

वरच्या वस्तीत, जकरांदाच्या झाडांच्या रस्त्याला मुनुओंचं घर होतं. दुपारची वेळ, पण धुक्याने खिडक्या पांढऱ्या झालेल्या. दिवाणखान्यात ती एकच खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली होती. एरवी तिथून डोंगर दिसतो. त्या दिवशी काहीच दिसत नव्हतं. बाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, "जवळ जाऊन बघ."

बैठक दबलेली होती. कुणी जड माणूस बराच वेळ बसून नुकता उठावा तशी. मखमलीची लव दोन्ही हातांवर एकेका जागी मोडून चपटी झालेली, कोपरं टेकावीत तिथे. पाठीलाही वर, डोक्याच्या उंचीवर, एक गोल काळपट ठसा.

"रोज सकाळी असं असतं," बाई म्हणाल्या. "मी हाताने सारखी करते. परत होतं. खोलीला कुलूप लावून पाहिलं. किल्ली माझ्या गळ्यात."

शामेने तळवा बैठकीवर ठेवला. खोली थंड होती, त्याला स्वतःचा श्वास दिसत होता. बैठक गरम होती.

त्याने हात काढला, मग परत घातला आणि दबलेला भाग खालून थोपटून वर आणला. जुना काथ्या कधीकधी आपोआप बसतो, स्प्रिंग जुनी झाली की खचते, असं काहीबाही तो बाईंना समजावू लागला. बोलताना तो त्यांच्याकडे वळला होता. आणि मागे आवाज झाला. काथ्यावर वजन पडलं की तो हळूच कुरकुरतो. हा आवाज शामेने आईच्या कुशीत असल्यापासून ऐकला होता. हजार आवाजांत त्याने तो ओळखला असता. बाईंनीही ऐकला. त्यांची नजर शामेच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती आणि तिथेच थिजली होती.

शामेने लगेच मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा बैठक पुन्हा दबलेली होती.

"माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत तू कुणाला बसवलंस?" बाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, शामे म्हणायचा.

त्याच वेळी त्याने पुरचुंडीचं सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण इतक्या दिवसांनी सांगितलं तर ते दुप्पट खोटं वाटणार, असं त्याला वाटलं. तो एवढंच म्हणाला की मी कुणालाही बसवलेलं नाही, आणि घराबाहेर पडला. रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हत्यारांची पिशवी तिथेच विसरलो. ती आणायला तो गेला नाही.

मोशीत अशी गोष्ट लपत नाही. आठवडा उलटायच्या आत माजेंगोत सगळ्यांना माहीत झालं की पेंबावाल्याने मुनुओबाईंच्या कटकटीला वैतागून खुर्चीत जिन बसवला. निम्मी गिऱ्हाइकं अर्धवट शिवलेल्या खुर्च्या घेऊन गेली. काहींनी त्याही नेल्या नाहीत. आयाबाया पोरांचा हात धरून पडवीच्या समोरून पलीकडच्या बाजूने जायला लागल्या. कॉफीच्या बाकावर शामे जाऊन बसला की दोन्ही बाजूंना जागा मोकळी व्हायची, आणि कॉफीवाला त्याचा पेला घासून झाल्यावर वेगळा ठेवायचा.

पण खरी भीती शामेला वाटली ती नव्या गिऱ्हाइकांची. ती येत तेव्हा धड चांगल्या खुर्च्या घेऊन येत. एका दुकानदाराने नवाकोरा कोच आणला. त्याचा भागीदार त्यावर बसला की त्याला उठताच येऊ नये, अशी काही सोय होईल का, असं त्याने फार अदबीने विचारलं. एका बाईला स्टूल हवं होतं, सवतीसाठी. एका शिकल्यासवरल्या माणसाने काही बोलायच्या आधी दोन्ही हातांनी शामेचा हात धरला. तो म्हणाला, तुमचं पेंब्याचं ज्ञान आमच्या लोकांना कळत नाही, पण माझा विश्वास आहे. शामे सगळ्यांना म्हणायचा, मी खुर्च्या शिवतो, दुसरं मला काही येत नाही. ते सगळे मान डोलवायचे, आणि डोळा बारीक करून हसायचे.

झैना तांदळाचे आप्पे विकायची. तिच्याकडेही आता बायका आप्पे घ्यायला येत आणि हळूच विचारत, तो घरी कसा असतो. ती म्हणायची, "घोरतो." रात्री जेवताना तिने एकदा विषय काढला की तांग्याला परत जाऊ या. शामे म्हणाला, असं गेलो तर ते खरंच ठरेल.

मग एका दुपारी, नमाज सुटल्यावर, मुनुओंची गाडी गल्लीत शिरली. मागे ती खुर्ची उभी बांधलेली. बाईंबरोबर दोन तरणे पुतणे होते आणि एक वाकलेला म्हातारा, जाड लोकरी कोट घातलेला, डोंगरावरून आलेला. हा एलियुफूचा धाकटा भाऊ, झकायो. माचामेकडे राहायचा. दोन्ही भावांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशिवाय असली कामं होत नाहीत, म्हणून बाईंनी त्याला बोलावून घेतलं होतं.

खुर्ची पडवीसमोर उतरवली. गर्दी कुठून जमली कळलं नाही. बाजार ओस पडला असावा.

"उघड," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर."

गर्दीतली माणसं जवळ सरकली. आमच्या भागात अशा आरोपावरून माणसं मेलेली आहेत, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पुतण्यांपैकी एकाच्या हातात गाडीचा जॅक होता. तो त्याने खाली ठेवला नव्हता. झैना आपली आप्प्यांची तवी चुलीवरून उतरवून आली, आणि स्टूल ओढून शामेच्या अगदी शेजारी बसली.

शामेने खुर्ची उलटी केली. गोणपाटाच्या चुका एकेक करून काढल्या. त्याला ठाऊक होतं की आपल्याला हवं तर पुरचुंडी तळव्यात दडवता येईल. बायकांनी खुर्चीत लपवलेले ऐवज त्याने नवऱ्यांसमोर कितीदा तरी असे तळव्यात दडवून त्यांना गुपचूप परत केले होते. त्याची बोटं त्यात तयार होती. हात आत गेला, पुरचुंडी लागली, सुतळी सुटली. आणि मग, तो सांगायचा, मला वाटलं की आता ही दडवली तर आजपासून ती खरोखर माझी. त्याने ती बाहेर काढली, फडक्यावर ठेवली आणि उलगडली.

गर्दी एक पाऊल मागे गेली. "बघा," कुणीतरी म्हणालं. "गाठ मारलेली आहे," दुसरं कुणी. मागच्या बाजूला विटेवर वीट आपटल्याचा आवाज झाला.

शामेच्या ओठांवर वाक्य तयार होतं. हे माझं नाही, हे तुम्हा चग्ग्यांचंच चेटूक आहे, तुम्हीच त्याला मारलंत. त्याने तोंड उघडलंही होतं. पण म्हातारा झकायो त्याच्या आधी पुढे आला, गुडघे धरून खाली बसला, आणि त्या रुमालाच्या तुकड्याकडे पाहत राहिला.

"हे माझं आहे," तो म्हणाला.

बाईंनी त्याचं नाव घेतलं, थांब म्हणावं तसं. त्याने लक्ष दिलं नाही. शामेकडे पाहून तो सावकाश बोलू लागला, जणू तिथे दोघंच होते.

"हा रुमाल आमच्या आईचा. पान इसालेचं. आमच्या केळीच्या बागांच्या बांधावर लावतो ते झाड, थडग्यांवरही लावतो. माणसाचा अपराध झाला की त्याने इसालेच्या पानाला गाठ मारून पाठवायची. ज्याला ते पान मिळालं त्याने माफ केलंच पाहिजे. नाही म्हणायची सोय नाही. खून केलेल्यालाही नाही म्हणता येत नाही. बांधावरून भांडण झालं होतं. मी थोरल्या भावावर कोयता उचलला होता. दुसऱ्या दिवशी हे पाठवलं. त्याने हो म्हटलं नाही. पान परतही आलं नाही. मला वाटलं, निरोप्याने वाटेत टाकून दिलं असेल. मी वाट पाहत राहिलो."

शामेने विचारलं, "बाबा, तुमचंच आहे हे कशावरून?"

"मी डावरा आहे. माझी गाठ उलटी पडते." त्याने बोट ठेवून दाखवलं, पण गाठ सोडली नाही. "सोडायचा अधिकार त्याचा होता."

मग शामेने त्याला त्या वाकड्या, छपराच्या खिळ्यांबद्दल सांगितलं. पुरचुंडी आपल्याला पहिल्याच दिवशी सापडली होती, आणि आपण भीतीने ती परत बांधली, हेही सांगितलं. कुणाची भीती, असं म्हाताऱ्याने विचारलं. शामेने गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाला, "यांची. आणि तुमचीही. मला वाटलं तुम्ही लोकांनी करणी केली."

झकायोने मान हलवली. राग आला नव्हता त्याला. तो म्हणाला, "एलियुफूला खिळा कधी सरळ ठोकता आला नाही. लहानपणीही." आणि मग, अगदी हळू, "म्हणजे त्याने नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. तो त्याच्यावर बसून राहिला."

उलट्या खुर्चीची बैठक जमिनीकडे होती. कुणीही तिला हात लावलेला नव्हता. तरीही त्या क्षणी तिच्यातला काथ्या कुरकुरला, वजन उचलल्यावर काथ्या मोकळा होतो तसा. पुढे उभ्या असलेल्यांनी तो आवाज ऐकला. मागच्यांनी नाही. यावरून माजेंगोत अजून वाद होतात.

पुतण्याने जॅक गाडीत नेऊन टाकला. गर्दी पांगली, पण नाटक अर्ध्यावर थांबल्यासारखी, रेंगाळत. पान आणि खुर्ची दोन्ही डोंगरावर गेली. तिथे केळीच्या बागेत एलियुफूच्या थडग्याशी वडीलधाऱ्यांनी दूध आणि केळ्याची दारू ओतली. मेलेल्याने माफ केलं की नाही हे कसं विचारतात, ते बाहेरच्याला सांगत नाहीत, आणि शामेनेही विचारलं नाही. खुर्ची झकायोने आपल्या ओसरीवर ठेवली. तो तिच्याशेजारी बसायचा, तिच्यात नाही.

आता शामेची सुटका झाली, असं तुम्हाला वाटेल. त्यालाही वाटलं होतं. पण गावाने गोष्टीतून हवं तेवढंच घेतलं. लोक म्हणू लागले, मेलेल्याकडून खरं वदवून घ्यायला शेवटी पेंबावालाच लागला. पार अरूशा शहरातून गाड्या यायला लागल्या. बापाने जमिनीचे कागद कुठे ठेवले, आईने मरताना कुणाचं नाव घेतलं, हे विचारायला लोक त्यांच्या बसायच्या खुर्च्या घेऊन येत. शामे जितकं नाही म्हणे तितका त्यांचा विश्वास वाढे. पूर्वी त्याच्या गप्प बसण्याचा असा अर्थ निघायचा, आता बोलण्याचाही तसाच निघू लागला. ट्रकवाल्याला आईचं नाव विचारल्याची गोष्ट झैनाने एकदा काढली. तो म्हणाला, "तो कुत्रा भुंकला, मी भाकरी घातली. आता जात नाही."

तेव्हापासून त्याने एक रीत पाडली. कुठलीही खुर्ची झाली की तिचं खालचं गोणपाट तो ठोकत नसे. गिऱ्हाइकाला बोलावून म्हणे, हात घाला, सगळं चाचपून बघा, मग मी बंद करतो. बहुतेक लोक घाबरून नको म्हणत. काही डोळे मिटून दोन बोटं आत घालत आणि झटकन काढत. तो मात्र गिऱ्हाइकाने हात घातल्याशिवाय चूक मारत नसे. यामुळेही त्याची काही गिऱ्हाइकं गेली.

थंडी ओसरत आली तेव्हा मुनुओबाई एकट्या, चालत आल्या. पहिल्यांदाच त्या पडवीच्या आत येऊन बाकावर बसल्या. बाकाची एक बाजू खाली-वर होते, हे त्यांनी बसल्याबसल्या सांगितलं. झैनाने कॉफी दिली ती त्यांनी हातात धरून ठेवली.

त्या म्हणाल्या की ते पान घरी आलं त्या दिवशी त्या तिथेच होत्या. नवऱ्याने ते हातात घेतलं होतं, गाठ सोडायला बोटं लावली होती. "मी म्हटलं, सोडलीत तर मी माहेरी जाईन. बांध आपला होता, कोयता त्याचा होता. दुसऱ्या दिवशी पान दिसलं नाही. मला वाटलं परत पाठवलं. आम्ही पुन्हा कधी त्यावर बोललो नाही." शामेकडे न पाहता त्या पुढे म्हणाल्या, "तुझ्यावर आळ घेणं सोपं होतं. पेंबावाला होतास ना."

शामे म्हणाला, "मीही तुमच्यावर घेतलाच होता बाई. मनातल्या मनात."

"मनातल्या मनात," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा थोडा हसल्यासारखा झाला.

मग त्यांनी सांगितलं की दिवाणखान्यात खुर्चीच्या चार पायांचे ठसे गालिच्यावरून जात नाहीत. घासून पाहिलं, उन्हात टाकून पाहिलं. ती जागा ओलांडून जावं लागतं, तिथे पाय ठेववत नाही. "तिथे ठेवायला नवी खुर्ची कर. बैठक बोटभर कमी ठेव," त्या म्हणाल्या. कुणासाठी, हे शामेने विचारलं नाही.

खुर्ची तयार झाली तेव्हा त्याने ती उलटी करून ठेवली आणि नेहमीसारखं त्यांना हात घालायला सांगितलं. त्यांनी बांगडी वर सारली आणि निमूटपणे हात आत घातला, कोपरापर्यंत. नवा काथ्या होता, पेंब्यातल्या वेत्याहून मागवलेला, अजून त्याला खाडीचा वास येत होता. त्यांनी हात लगेच काढला नाही. चाचपतही नव्हत्या. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान एका बाजूला कलली होती. झैना पाहत होती, शामे पाहत होता. गल्लीतून एक हातगाडी गेली. मग बाईंनी हात बाहेर काढला, पण सरळ काढला नाही. किंचित हिसका देऊन काढला, धरलेल्या हातातून सोडवून घ्यावा तसा.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बंद कर."

शामेने तोंडात चुका घेतल्या आणि गोणपाट ठोकलं. त्या खुर्चीबद्दल मुनुओबाईंची एकही तक्रार कधी आली नाही. रंगारी, शिंपी, सगळे शामेला विचारायचे, असं काय केलंस तिला. तो म्हणायचा, मी काही केलं नाही. आणि तेवढ्या एका बाबतीत, झैना म्हणते, आपलं बोलणं त्याला स्वतःलाही खरं वाटत नसे.